आवाज कुठं बंद होतो?

दोन हजार एकोणीस साल होतं आणि मला सदुसष्ट वर्षं झाली होती. त्या वयात माणसानं देवळाच्या पायरीवर बसावं, तर मी नवा कॅमेरा घ्यावा का न घ्यावा या विचारात ताटावरून उठून जात होतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पण लातुरात कितीतरी घरांच्या भिंतींवर मी काढलेले फोटो टांगलेले आहेत, आणि ही गोष्ट मी सहसा कुणाला विसरू देत नाही. असला माणूस कुणाला काही विचारत नाही. विचारायचं काम माझ्या वाट्याचं मालक करायचे.

मालक म्हणजे ज्यांच्या गाळ्यात माझा स्टुडिओ होता ते. पुढं त्यांची धान्याची आडत, मागच्या बोळात मी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, आणि पाठ अशी ताठ की बसले तरी उभे वाटायचे. वाचायला चांगलं येत होतं त्यांना. मराठी यायचं, थोडं कानडीही यायचं. पण ते वाचत नसत. विचारत.

बसच्या कपाळावर हाताएवढ्या अक्षरात गावाचं नाव असायचं. तरी हे दारात उभं राहून कंडक्टरला म्हणणार, "ही कुठं जाती?"

"पाटी दिसत न्हाई का, बाबा?"

"दिसती की. पर पाटी कालची असती, तू आजचा हाईस."

मागं माणसं खोळंबायची, कुणीतरी "चला वो बाबा" म्हणून ओरडायचं, आणि मी त्यांच्यासोबत नाहीच असं दाखवत दुसरीकडं बघायचो. त्यांच्याबरोबर कुठंही गेलो की माझा निम्मा वेळ दुसरीकडं बघण्यात जायचा.

आडतीसमोर चहाचा गाडा होता. तिथं क्लासची पोरं-पोरी यायची, डॉक्टर व्हायला आलेली, हातात जाडजूड पुस्तकं. मालक त्यांच्यात जाऊन बसायचे. एकदा एका पोरीला त्यांनी विचारलं, "बाई, ही किडनी किडनी म्हणत्यात ती करती काय?" तिनं सांगितलं. सांगून झाल्यावर मालकांनी हात वर केला. हे त्यांचं ठरलेलं होतं. कुणी काही शिकवलं की लगेच म्हणायचे, "आता मी सांगतो, चुकलं तर बोल."

"म्हंजे ती आपली चाळणीच. घाण खाली, माल वर."

"नाही बाबा. आधी सगळंच खाली पडतं. मग त्यातलं चांगलं असतं ते परत वर घेतात."

मालक तिथं उभ्या असलेल्या हमालाकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? आपल्यापेक्षा हुशार चाळणी हाय." पोरं हसली. हमाल हसला. मालकही हसले. मी मात्र स्टुडिओच्या दारात उभा राहून लेन्सचं झाकण पुसत होतो. मला वाटायचं, एवढा मोठा आडत्या माणूस, बाजारात इज्जत आहे, आणि कालच्या पोरीकडून भर रस्त्यात चूक काढून घेतो. याला लाज कशी वाटत नाही? त्यांना वाटत नव्हती ती सगळी लाज मला वाटायची.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायलाही ते सोबत आले होते. त्या गोष्टीला एकोणीस साली दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी पहिल्यापासून फोटोचा कागद आणि अल्बम नांदेडच्या एका दुकानातून आणायचो, कॅमेराही तिथूनच घ्यायचा होता. लातुरात घेतला असता तर इथल्या फोटोग्राफरांना कळलं असतं की याला नवीन मशीन हाताळता येत नाही. मालकांना नांदेडला काम होतं म्हणून आले, असं ते म्हणाले. काम काय होतं ते मला कधी दिसलं नाही.

दुकानात शिरल्या शिरल्या सुरू झाले. "ह्ये खातं काय? एकदा खाल्लं की किती येळ पळतं? पावसात चालतं का? अंधारात दिसतं का? मेल्या माणसाचा फोटू निघतो का?"

शेवटच्या प्रश्नाला दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक जण फिस्सकन हसला. मी दुकानदाराला म्हणालो, "मी चहा घेऊन येतो," आणि सरळ बाहेर पडलो. एक कप चहा मी किती वेळ प्यालो ते गाडेवाल्यालाच माहीत. परत आलो तेव्हा कॅमेरा डब्यात बांधून तयार होता.

मालक म्हणाले, "सगळं इचारून घेतलंय. सांगू का?"

मी म्हणालो, "मालक, मला फोटोग्राफी शिकवू नका."

"बरं," ते म्हणाले. वाईट वाटलं असेल तर दाखवलं नाही.

मेल्या माणसाचं त्यांनी उगीच विचारलं नव्हतं. त्यांच्या समाजात माणूस गेला की आडवा नेत नाहीत. अंघोळ घालतात, भस्म लावतात, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, हार घालतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. मग घरचे सगळे दोन्ही बाजूंनी बसतात आणि एक फोटो निघतो. त्यानंतर सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीत, तसाच बसलेला माणूस निघतो आणि मातीतही बसलेलाच जातो. असे फोटो मी पुष्कळ काढलेत. तिथं कुणाला हसवायचं नसतं की मान वळवायला सांगायची नसते. एकदाच खटका दाबायचा आणि मागं सरायचं.

तर मालक दरवर्षी महाशिवरात्रीला, पूजा करून, उपाशीपोटी माझ्या स्टुडिओत यायचे आणि स्टुलावर मांडी घालून तसे बसायचे. डाव्या हातावर लिंग, डोळे मिटलेले.

"मालक, हे काय आत्तापासून?"

"सवय पाहिजे रे. ऐन टायमाला मान पडली तर लोक म्हणतील, जलमभर ताठ हुता, शेवटी वाकला." मग एक डोळा उघडून, "आला का नीट?"

"डोळे मिटा."

"मिटले तर मला कसं कळणार तू काय करून राहिला?"

आमचा हा तमाशा बघायला बोळातली पोरं जमायची. मी त्यांना हाकलायचो, मालक त्यांना आत बोलवायचे. फोटो छापून दिला की ते चष्मा वर करून बघायचे, "अजून जमलं न्हाई" म्हणायचे आणि पुढच्या वर्षी परत यायचे. त्या साली, म्हणजे एकोणीस साली, स्टुलावरून उतरता उतरता माझा खांदा धरून म्हणाले, "हे बघ, शेवटला तूच काढायचा. दुसरा कोणी न्हाई. आन त्या दिवशी मला काई इचारता येणार न्हाई. तव्हा माझ्या वाटणीचं तूच इचारून घे."

मी "हाव" म्हणालो. मोठी माणसं असं बोलतात.

त्याच दिवसांत औश्याच्या एका लग्नात नवरीच्या मामानं माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावून विचारलं होतं, "काका, नवरीच्या तोंडावर हा रवा कशाचा?" मंगल कार्यालयात उजेड कमी होता. कमी उजेडात माझ्या कॅमेऱ्याचे फोटो खरंच रवाळ यायचे. मी म्हणालो, दिवे खराब आहेत. पण दुसरा फोटोग्राफर, कानात बाळी घातलेला, त्याच दिव्यांखाली लख्ख फोटो काढत होता. जेवणाच्या पंगतीत मी मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून बसलो. घरी येऊन ठरवलं, नवा घ्यायचा. सकाळी ठरवलं, नाही घ्यायचा. जुन्याचं वरचं चाक आणि एक खटका, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली होती. आतल्या इंग्रजी पाट्यांत मी कधी शिरलोच नव्हतो. नवा घेतला आणि तो माझं ऐकला नाही तर?

मालकांना हे सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळायचं. म्हणाले, "जुन्याला काय येतं, नव्याला काय येतं, आदी ते सांग."

"तुम्हाला समजायचं न्हाई ते."

"तुला समजलंय का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नांदेडच्या गाडीत होतो.

दुकानदार आता गल्ल्यावर बसायचा आणि काउंटर त्याची सून सांभाळायची. हुशार बाई. तिनं नवा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. हाताला जड, पकड मऊ. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढला तर कोपऱ्यातल्या झाडूच्या काड्या मोजता आल्या असत्या. मी खूश. दुकानदार म्हणाला, "तुम्ही आमचे जुने. चार दिवस घेऊन जा, वापरा, मग ठरवा."

पण खटका अर्धा दाबला की तो कॅमेरा 'टी-टीक' करायचा. बारीक, पण कानात शिरणारा आवाज. मालक स्टुलावरून उठले. "बाई, ह्ये वरडतंय का?"

"फोकस बसला की वाजतं, आजोबा."

"मंग आवाज बंद होतो का? कुठं होतो?"

"होतो ना. दाखवते. इथं मेन्यूमध्ये जायचं..."

काउंटरवर आणखी गिऱ्हाइकं होती. मला त्यांच्या देखत त्या मेन्यूत जायचं नव्हतं. मी कॅमेरा तिच्या हातातून घेतला आणि बॅगेत घातला. "असू द्या ताई. मला माहीत आहे. चाळीस वर्षं हेच करतोय." आणि मालकांना म्हणालो, "चला, गाडी निघंल."

लोहं आलं तसं मालक म्हणाले, "तुला खरंच ठावं हाय का, आवाज कुठं बंद होतो?"

"हाव."

"मग मला सांग की."

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. काढणीला आलेली करडई होती, पिवळी पडलेली. ती मी अहमदपूर येईपर्यंत बघितली.

त्यानंतर दोनच दिवसांनी मालक गेले. आडतीत गादीवर बसल्या बसल्या. एका हमालाला विचारत होते, तुमच्या गावाकडं पाणी किती खोल लागतं म्हणून. हमाल सांगत होता. त्याचं लक्ष पोत्याकडं होतं, त्यानं वर बघितलं तेव्हा ऐकणारं कुणी नव्हतं. तो हमाल नंतर घराबाहेर उंबऱ्याशी बसून येईल त्याला हेच सांगत होता, "मी सांगतच हुतो वो. पुरं ऐकलंच न्हाई."

मला निरोप आला. टेबलावर दोन्ही कॅमेरे होते. मी नवा उचलला. मनाला सांगितलं, मालकांचा फोटो रवाळ येऊ नये. तेही खरं होतंच. पण मातीला सगळा बाजार येणार, लातुरातले दोन-चार फोटोग्राफरही येणार, हेही माझ्या डोक्यात होतं. आवाजाचं विसरलो होतो असंही नाही. दोन दिवस तो ऐकून ऐकून मला बरा वाटायला लागला होता. नव्या मशीनला कंठ असतो, जुन्याला नसतो, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मोठ्या खोलीत मालक बसले होते. मान अजिबात पडली नव्हती. एवढ्या वर्षांची सवय. शेजारी त्यांची बायको, अक्का, डोक्यावरून पदर घेऊन. दुसऱ्या बाजूला मुलगा, सून, नातवंडं. दारापर्यंत माणसं. भजन चालू होतं. मी पुढं आलो तसं विधी करायला आलेल्या स्वामींनी हात वर केला आणि भजन थांबलं. टाळ खाली ठेवल्याचा आवाजही विरला. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

टी-टीक.

त्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. मी दाबलेलं सोडलं आणि परत दाबलं. टी-टीक. खोलीत उजेड कमी. कॅमेऱ्याचं वरचं झाकण आपोआप खट्‌कन उघडून फ्लॅश उभा राहिला. मी तो तळव्यानं खाली दाबला, दुसऱ्या हाताचं बोट कुठंतरी पडलं, परत टी-टीक. सगळे मालकांकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत होते. मी चाक फिरवलं, हाताला लागेल ते बटण दाबलं. मागची काच इंग्रजी पाट्यांनी भरून गेली. त्यातली कोणती आवाजाची ते देवालाच माहीत. धाकटा नातू म्हणाला, "आजोबाचा मोबाईल वाजून राहिला," आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

दारात कानात बाळी घातलेला तो पोरगा उभा होता, औश्याच्या लग्नातला. तो हसत नव्हता. त्यानं मान खाली घातली होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मालकांचा मुलगा उठून जवळ आला. हळूच म्हणाला, "काका, राहू द्या. मोबाईलवर निघालाय एक."

राहू द्या. मी कॅमेरा छातीशी धरून उभा राहिलो. तेवढ्यात अक्का बोलली. पदरातून, नेहमीच्या आवाजात, नवऱ्याकडं बघत. "ह्येनी असते तर इचारलं असतं, ह्ये कशाला वरडून राहिलंय म्हणून."

मागून कुणाला तरी हसू फुटलं. मग आणखी कुणाला. अक्कालाही फुटलं आणि त्या हसण्यातच ती मोठ्यानं रडायला लागली, तिच्याबरोबर सगळी खोली. भजन परत सुरू झालं. विमान उचललं. मी भिंतीला लागून सगळ्यात मागं चाललो. मालकांचा शेवटचा फोटो मी काढला नाही.

चालता चालता माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. लोक हसले, ते जाऊ द्या, लोक हसतात. पण त्या दुकानात त्यांनी पन्नास गोष्टी सोडून नेमकी हीच विचारली होती. स्वतःसाठी नव्हती विचारली. त्यांना कुठं कॅमेरा चालवायचा होता? उत्तर त्या बाईच्या तोंडात आलेलं मी मागं ढकललं आणि बॅगेची चेन ओढली.

माती देऊन आल्यावर अक्काचा निरोप घ्यायला गेलो. मान वर करायची हिंमत नव्हती. म्हणालो, "अक्का, आज माझ्यामुळं..."

तिनं बोलू दिलं नाही. "परवा समाधीवर पूजा हाय. घरचे समदे येणार हाईत. तुमी या." आणि मी वळल्यावर मागून म्हणाली, "आन त्येचं तोंड बंद करून आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीला बस स्टँडवर गेलो. बसवर पाटी होती, मोठ्या अक्षरात. मी दारात थांबलो. कंडक्टरला म्हणालो, "ही कुठं जाती?" त्यानं माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि म्हणाला, "नांदेड. बसा."

दुकान नुकतंच उघडलं होतं, तरी दोन पोरं काउंटरवर लेन्स बघत होती. गल्ल्यावरून दुकानदार म्हणाला, "या! मग ठरलं का? घ्यायचा का परत करायचा?"

"आदी इचारतो, मग ठरवतो."

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. त्या दोन पोरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "ताई, मला इंग्रजी वाचता येत न्हाई. ह्याचा आवाज कुठं बंद होतो?"

पोरं वळली. वळू द्या म्हटलं.

दुकानदारच आधी बोलला. "अहो, तुमच्या जुन्याचा मी तेव्हाच बंद करून दिलता की. तुमच्या मालकांनी करून घेतला. तुम्ही चहाला गेल्ता." मग माझ्या मागं दाराकडं बघत, "आज कुठंयत ते? एकटेच आलात?"

मी सांगितलं. त्यानं गल्ला बंद केला.

त्याच्या सुनेनं कॅमेरा माझ्याकडं तोंड करून धरला. हे बटण, मग हे पान्याचं चित्र, मग खाली, खाली, ही कर्ण्यासारखी खूण, मग हे. अक्षर वाचायचं कामच नव्हतं. सगळी चित्रंच होती. तिनं अर्धा खटका दाबला. काही वाजलं नाही. पूर्ण दाबला. खटाक. बस्स, माझ्या जुन्यासारखा.

"झालं, काका," म्हणून ती बॅगेत घालायला लागली.

"थांबा ताई. परत चालू करून द्या."

"चालू करू? आवाज?"

"हाव," मी म्हणालो आणि हात पुढं केला. "आता मी करतो, चुकलं तर बोला."